पिंपातलं मीठ

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर तीनदा सांगितलं, "काकू, सकारात्मक लिहा." सेंद्रिय शेती, गृहिणीची झेप, मातीशी नातं, असं काहीतरी त्यांना हवं आहे. सोबत हसरा फोटोही मागितलाय. फोटो पाठवलाय. बाकीचं जमेल असं वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षं मी झाडांसाठी आंबोण करून विकलं. त्या कामातलं जे मला आठवतं ते लिहिते, छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

आंबोण म्हणजे खरं तर गाईम्हशींचं खाणं, पेंड आणि चुणी भिजवून केलेलं. आमच्या उमेळ्याच्या घरात झाडांना घालायच्या आंबवलेल्या पाण्यालाही तोच शब्द होता. माझे सासरे म्हणायचे, गाय चावून खाते आणि वेलीला दात नाहीत, म्हणून तिला पातळ करून द्यायचं, एवढाच फरक. पुढे वसई रोडला बिल्डिंगी उभ्या राहिल्या, तिथले लोक त्याला द्रवखत म्हणायला लागले. एका बाईंनी त्याचं नाव "खताचा चहा" ठेवलं आणि ते बरेच दिवस चाललं. मला ते कधी आवडलं नाही. चहा पिऊन तरतरी येते, पोट भरत नाही.

कृती सांगते, ती लपवण्यासारखी कधीच नव्हती. दोनशे लिटरचं निळं पिंप सावलीत ठेवायचं. त्यात ताजं शेण, गोमूत्र, आदल्या दिवशी भिजवलेली एरंडीची पेंड, काळा गूळ, आणि ज्या झाडावर कधी औषध मारलेलं नाही त्याच्या मुळाजवळची दोन मुठी माती. ही माती म्हणजे विरजण. तिच्यातले जीव गूळ खाऊन वाढतात, आणि आपण झाडाला देतो ते मुख्यतः हे जीवच. वरून पाणी घालायचं, तोंडाला गोणपाट बांधायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. आठव्या-नवव्या दिवशी आंबट ताकाचा वास आला की झालं. सडक्या अंड्याचा आला तर सगळं उकिरड्यावर. तयार झालेलं गाळून घ्यायचं, एकाला दहा पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर मुळाशी ओतायचं. उन्हात ओतलं तर अर्धे जीव तिथेच मरतात आणि कोवळ्या मुळांनाही सोसत नाही.

यात अट एकच, पाणी गोडं हवं. आमच्याकडे गोडं म्हणजे खारं नसलेलं. समुद्र आणि खाडी दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वसईच्या माणसाला पाण्याच्या चवीची काळजी जन्मापासून असते. सासरे पिंपात पहिली बादली ओतायच्या आधी ओंजळभर पाणी तोंडात घेत, खळखळून थुंकत आणि मगच मान हलवत. गूळ पडल्यावर चव कळत नाही, म्हणून आधी. मलाही त्यांनी तेच करायला लावलं. सुरुवातीला लाज वाटायची, मग सवय झाली.

नव्वदच्या सुमारास मी विकायला सुरुवात केली, तेव्हा उमेळ्यात वाड्या बऱ्याच होत्या. केळी, फुलं, भाजी, कुठे पानवेल. मग एकेक वाडी जात गेली आणि माझं गिऱ्हाईक वाडीवरून गॅलरीत आलं. गॅलरीतलं गिऱ्हाईक वेगळंच असतं. साताऱ्याकडचे एक निवृत्त हेडक्लार्क होते, तिसऱ्या मजल्यावर त्यांचे अकरा गुलाब. दोन महिने माझ्याकडून नेमाने बाटली नेली आणि मग तक्रार घेऊन आले, की एक कळी धरत नाही. मी विचारलं, घालता कसं? म्हणाले, अशा पदार्थांत जंतू फार असतात, म्हणून मी वीस मिनिटं उकळून, गाळून, गार करून घालतो. वरच्या मजल्यावरच्यांनी वासावरून सोसायटीकडे अर्जही केला होता म्हणे. मी त्यांना समजावलं की त्या जंतूंसाठीच तर सगळा खटाटोप आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला दहाच मिनिटं उकळलं. ही गोष्ट मी बरीच वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगत असे. चूक करून ठाम राहण्यात पुढे मी त्यांच्यावर ताण केली, तेव्हापासून सांगत नाही.

कामणच्या एका गोडाऊनचा मॅनेजर आला, त्याला फाटकासमोरचं लॉन सोमवारपर्यंत हिरवंगार हवं होतं, कारण मालक येणार होता. तो दिवस गुरुवार. मी म्हटलं, माझ्या आंबोणाने चार दिवसांत काही होत नाही. तो म्हणाला, "मॅडम, बस दिखना चाहिए." दोन पिंपं घेऊन गेला आणि सोमवारी लॉन खरंच हिरवं होतं. त्याने त्यात युरिया ढकलला होता, हे मला त्याच्याच माळ्याने सांगितलं. पण मालक खूश झाला आणि बाजूच्या चार गोडाऊनवाल्यांनी माझा पत्ता घेतला. मी त्यांना खरं सांगून परत पाठवलं असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही, चौघांनाही मी माल दिला.

आता इनासकाकांचं सांगते. भुईगावला त्यांचा पानमळा होता. गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो उलटा घालावा लागे. एकेकाळी त्या आळीत घरोघर पानवेल होती, मी जाऊ लागले तेव्हा फक्त त्यांची उरली होती. मळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा नियम ते पाद्र्यांनाही लावत. आत गेलं की अंगाला गारवा लागे. वेली खांबांवर चढवलेल्या, वर केळी-सुपारीची सावली आणि पहिल्या खांबाला बांधलेला एक लहान लाकडी क्रूस. घरात ते आपली बोली बोलत, माझ्याशी बोलताना शाळेतलं मराठी काढत. मला "बाय" म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठे असतील.

पहिल्यांदा त्यांनी बोलावलं ते वेली मरत होत्या म्हणून. मुळं कुजून वेल उभीच्या उभी सुकते, मर म्हणतात त्याला. मी आधी पाण्याचे पाट मोकळे करायला लावले आणि मग तीन महिने आंबोण दिलं. मळा वाचला. पाटांमुळे वाचला की आंबोणामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. काका मात्र सांगत सुटले, की उमेळ्याच्या सुमनबायच्या पिंपात जीव आहे. त्या एका मळ्यावर माझं नाव भुईगावपासून पार पलीकडच्या गावांपर्यंत गेलं.

काकांचे दोन मुलगे, एक अंधेरीला, एक आखातात. दोघांनाही ती जागा बिल्डरला द्यायची होती. मुलगे वाईट नव्हते. बापाशी त्यांचं ठरलं होतं, की मळ्यातून पान निघतंय तोवर विषय काढायचा नाही, पान निघायचं थांबलं की सही करायची. काकांनी मान्य केलं होतं, कारण पान थांबेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आता आमच्या विहिरीचं. आमची आणि माझ्या दिरांची विहीर सामाईक. वाडीच्या मागच्या अंगाला बावखल होतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. बावखलातलं पाणी झिरपतं, विहिरीत उतरतं आणि खाडीच्या पाण्याला आत येऊ देत नाही. हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगायची वेळ येत नसे. नव्या बिल्डिंगींना नळ नव्हते, त्यांना पाणी टँकरने जायचं. भाऊजींनी आमची विहीर टँकरला दिली. आधी दिवसाला दोन टँकर, मग मोजणं सोडलं. टँकर वळवायला जागा पुरेना म्हणून त्यांनी बावखल डेब्रिज टाकून बुजवलं. मी आमच्या ह्यांच्याकडे विषय काढला. हे म्हणाले, भावाभावांत विहिरीवरून बोलायचं नाही. त्याच वर्षी भाऊजींनी माझ्या पिंपांवर पत्र्याची पक्की शेड घालून दिली. मी ती घेतली आणि मग मीही विहिरीबद्दल बोलले नाही. माझी गॅलरीतली गिऱ्हाईकं आमच्याच विहिरीचं पाणी पीत होती आणि वर मलाच पाण्याची गाऱ्हाणी सांगत होती.

त्याच सुमारास मी आंबोणात सुकी मासळी घालायला लागले होते. खाण्यालायक न राहिलेला जवळा आणि बोंबलाचा चुरा, पाचूबंदरची एक कोळीण गोणीने आणून द्यायची. केळीला आणि वेलीला त्याने पान रुंद येतं. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "तीन पानी कार बाय, नायतर मीठ रेल." मी तीनदा धुऊन घेत असे. हा चुरा हातानेच मळावा लागतो. सकाळभर मळलं की हाताच्या भेगांत खारटपणा असा मुरतो, की साबणाने धुतला तरी घासाला लागतो. मीठ कमी पडलंय असं मला त्या दिवसांत जेवताना कधी वाटलं नाही.

दोन हजार साल उलटलं त्या सुमाराचा तो वैशाख. काकांचा मळा थकला होता, पानं लहान येत होती आणि अंधेरीचा मुलगा एका माणसाला जागा दाखवून गेला होता. काका स्वतः उमेळ्याला आले. म्हणाले, "बाय, ह्या वेळी नीट कर. पावसापर्यंत मळा उभा राहिला तर पोरं गप बसतील." त्यांच्या विहिरीने तळ गाठला होता, म्हणून आंबोण पाणी घालून तयारच पाठवायचं ठरलं. एरवी मी पाणी गिऱ्हाईकाला घालायला सांगत असे. या वेळी सगळं पाणी आमच्या विहिरीचं होतं.

पिंप भरायच्या आधी मी ओंजळ तोंडाला लावली. पाणी खारट लागलं. हे मला स्पष्ट आठवतं, यात काही धूसर नाही. मला वाटलं, हाताचं आहे. सकाळपासून जवळा मळत होते. मी हात धुतला आणि पुन्हा ओंजळ घेतली, पुन्हा खारट. हाताचंच, म्हणून मी पुढे गेले. हात धुतला होता तो त्याच बादलीत.

आठवड्याला दोन टेम्पो जात होते. तिसऱ्या आठवड्यात काकांचा निरोप आला, की पानांच्या कडा तांबूस होतायत. मी गेले. कडा करपल्या होत्या, टोकाकडून आत. दहा-अकरा वर्षांच्या अनुभवाने मला ते ओळखता यायला हवं होतं, वसईतलं शेंबडं पोरही खाऱ्याने जळलेलं पान ओळखतं. पण माझं नाव ज्या मळ्याने केलं, त्यात माझ्या पिंपाने वाईट झालं हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. मी काकांना विचारलं, उन्हात तर नाही ना घातलं? ते काही बोलले नाहीत. तेवढं मला पुरलं. मी त्यांना तिथेच, चपला बाहेर काढून त्यांच्याच मळ्यात उभी राहून, चांगली पाच मिनिटं सुनावलं. आणि निघताना सांगितलं, आता मुळं अशक्त झालीत, दुप्पट द्यावं लागेल.

त्यांनी दुप्पट दिलं. मी पाठवत गेले, ते ओतत गेले. वय झालेला माणूस, गुडघे धरलेले, हातात डबा घेऊन ओळीओळीने मुळाशी. पाऊस यायच्या आत मळा गेला. मुलगे आले, ठरल्याप्रमाणे सही झाली. भांडण झालं नाही. मुलांनी त्यांना तिथून जवळच एका बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर घर घेऊन दिलं.

मला कळलं ते एका साध्या सकाळी. घरात प्यायला तोवर आमच्याकडे नळ आला होता. त्या दिवशी नळ कोरडा, म्हणून जाऊबाईंनी विहिरीचं पाणी घेऊन चहा टाकला. दूध घातलं आणि फाटला. दुसरं दूध घेतलं, तेही फाटलं. जाऊबाई दूधवाल्याला बोलायला लागल्या. मी चमचा पाण्यात बुडवून जिभेवर ठेवला. स्टीलचा चमचा, हात मध्ये नाही. खारट, तोंड वेडंवाकडं व्हावं इतकं. भाऊजी समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, आता बांधकामाला देऊ, त्यांना खारं चालतं. विषय तिथेच संपला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. का, याची कारणं त्या वेळी माझ्याकडे भरपूर होती. पाणी खारं झालं म्हणावं, तर टँकरवर बोट ठेवावं लागणार, आणि टँकर घरचा. पिंप बिघडलं म्हणावं, तर बाकीची गिऱ्हाईकं जाणार. गेलेला मळा सांगून परत येणार नाही, हे तर मी स्वतःला रोज ऐकवत असे. मी नळाचं पाणी भरून ठेवायला लागले, दोन दिवस उघडं ठेवलं की ब्लीचिंगचा वास जातो, आणि धंदा पुढे चालू राहिला. पुढची चार-पाच वर्षं कोणाची तक्रार आली नाही.

मळा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, त्यांचा उपासकाळ चालू असताना, काका घरी आले. काठी टेकत, इस्त्रीचा सदरा घालून. मी पाट मांडला, त्यांना तो नको होता, ते ओट्याच्या कडेवरच बसले. भुईगावात लोक माझ्या आंबोणाबद्दल वाईट बोलत नाहीत, याचं मला तोवर नवलच वाटत होतं. त्याचा उलगडा त्यांनीच केला.

"बाय, मला पुढच्या आठवड्यात कुमसार करायचंय," ते म्हणाले. कुमसार म्हणजे पाद्रीबाबांपुढे आपल्या पापांची कबुली देणं. "ज्याचा अपराध केला, त्याच्याकडे आधी जावं लागतं. तू विचारलं होतंस, उन्हात घातलं का. मी बोललो नाही. मी घातलं होतं. संध्याकाळपर्यंत उभं राहवत नव्हतं, तर दोन-तीन दिवस चार वाजताच घातलं. तू इतकी मेहनत केलीस, आणि मळा माझ्या हाताने गेला. गावात मी सगळ्यांना सांगितलंय की चूक माझी, सुमनबायची नाही. पण तुला सांगायचं राहिलं होतं."

चार वाजता दोन-तीन दिवस घातल्याने मळा जात नाही. चार वेली मलूल झाल्या असत्या, पुढच्या पाण्याला सावरल्या असत्या. हे मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, कारण आंबोणातलं त्यांना जे काही ठाऊक होतं ते मीच शिकवलेलं होतं.

त्याच वेळी अंगणात भाऊजींचा टँकर मागे येत होता. आवाजात काही ऐकू येईना, म्हणून आम्ही दोघं गप्प बसून राहिलो. सांगायचं ठरवायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी मनात पहिलं वाक्य जुळवलंही होतं. टँकर थांबला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि काका माझ्याकडे बघत राहिले.

"जाऊ द्या काका," मी म्हणाले. "मी केव्हाच माफ केलंय तुम्हाला."

त्यांनी डोळे पुसले. देव तुझं भलं करील, म्हणाले. चहा नको म्हणाले, उपास होता. मी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हायसं वाटलं.

पावसाळा संपता संपता ते गेले. मी मातीला गेले होते. चर्चबाहेर अंधेरीचा मुलगा भेटला. त्याने बायकोला हाक मारून माझी ओळख करून दिली, की या त्या उमेळ्याच्या काकू. मग माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "तुमच्याकडून आले त्या दिवसापासून बाबा शांत झोपायचे. तुमचे उपकार आहेत आमच्यावर." माझ्या मागे लोक ताटकळले होते. मी त्याला असू दे म्हणाले आणि पुढे सरकले.